बिघडत्या हार्ड डिस्कमधील दप्तर कसे सोडवावे?

गेल्या काही वर्षांत आपल्या प्राथमिक शाळांच्या दप्तराचा बराचसा भाग कागदावरून संगणकात आला आहे. सर्वसाधारण नोंदवहीच्या जुन्या पानांची छायाचित्रे, दाखल्यांच्या स्थळप्रती, पोषण आहाराचे हिशेब, शाळा व्यवस्थापन समितीची इतिवृत्ते, स्नेहसंमेलनाची चित्रे आणि शिक्षकांनी परिश्रमपूर्वक तयार केलेली पाठटाचणे हे सर्व पुष्कळ ठिकाणी संगणकाला बाहेरून जोडावयाच्या एका लहानशा हार्ड डिस्कमध्ये साठविलेले असते. ही डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात शिक्क्यांच्या पेटीशेजारी राहते व निकडीच्या वेळी बाहेर निघते. एके दिवशी ती जोडली असता नेहमीप्रमाणे उघडत नाही, आतून टकटक आवाज येऊ लागतो, अथवा डिस्क फॉरमॅट करावयाची आहे काय, असा प्रश्न पडद्यावर उमटतो. अशा प्रसंगी काय करावे, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

हा विषय केवळ संगणक जाणणाऱ्यांचा आहे असे कोणी समजू नये. साठी उलटलेला गृहस्थ जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेत येतो. जातपडताळणीसाठी एखादी मुलगी आपल्या आजोबांच्या प्रवेशाची नोंद शोधीत येते. मूळ नोंदवहीचे ते पान वाळवीने खाल्ले असेल, तर त्या पानावर काय लिहिले होते हे सांगणारे छायाचित्राखेरीज दुसरे साधन गावात बहुधा नसते. डिस्कबरोबर ते छायाचित्रही गेले, तर हानी शाळेची होत नाही. त्या कुटुंबाची होते.

या सर्व विवेचनाचे सार एका दृष्टान्ताने सांगता येईल. शंभर वर्षांपूर्वीची एखादी जीर्ण नोंदवही आपल्या हाती आली आहे असे समजा. पान उलटताच त्याच्या कडांचा भुगा होतो. अशी वही आपण कशी हाताळू? हवी ती नोंद शोधण्यासाठी ती पुनःपुन्हा चाळीत बसणार नाही. तिच्यावर नवे लिहिणार नाही. प्रत्येक पान शक्यतो एकदाच उलटून सर्व वहीची नक्कल उतरून घेऊ. जी पाने धड आहेत ती आधी, चिकटलेली व फाटकी पाने शेवटी. मग मूळ वही बांधून ठेवू व शोधाशोध नकलेत करू. बिघडत्या डिस्कच्या बाबतीतही हाच नियम आहे. तिच्यात वाचनाच्या मोजक्याच खेपा उरलेल्या असतात. त्या शोधण्यात व दुरुस्त करण्यात खर्च न करता संपूर्ण नक्कल घेण्यात खर्च कराव्यात. पुढील सर्व सूचना या एका तत्त्वातून निघतात.

१. डिस्कच्या आत काय असते?

हार्ड डिस्कचा जन्म अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सॅन होसे येथे आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. १९५६ साली तेथे तयार झालेल्या पहिल्या यंत्रात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, त्याचे वजन एक टनाहून अधिक होते आणि त्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. या कार्याचे नेतृत्व करणारे रेनॉल्ड जॉन्सन हे मूळचे मिशिगन राज्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकविणारे शिक्षक होते, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंना कौतुकाची वाटेल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरील पेन्सिलीच्या खुणा ओळखून गुण देणारे यंत्र त्यांनी शिक्षक असतानाच शोधून काढले होते व त्याच बळावर त्यांना त्या कंपनीत पाचारण झाले. आज तळहातावर मावणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये एक लाख कोटी बाइट मजकूर राहतो.

रचनेचे तत्त्व मात्र तेव्हाचेच आहे. काच किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकडीवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ थर असतो. एका हलत्या दांड्याच्या टोकाशी असलेले हेड त्या थरावरील सूक्ष्म चुंबकीय खुणा वाचते व लिहिते. प्रवासात नेण्याजोग्या डिस्कमधील तबकडी सामान्यतः मिनिटास ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास ९०. हिशेब केल्यास तिची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने, म्हणजे भरधाव एस. टी. गाडीच्या वेगाने, धावत असते. या वेगाने निर्माण होणाऱ्या हवेच्या पातळ गादीवर हेड तरंगते. हेड व तबकडी यांमधील अंतर काही नॅनोमीटर इतकेच असते. मनुष्याचा केस त्याच्या हजारो पट जाड असतो. डिस्क चालू असता मेजावरून खाली पडली, तर हेड तबकडीवर आपटून ओरखडा का उमटतो, आणि डिस्क उघडून पाहणे म्हणजे तिचा नाश का, हे यावरून ध्यानात येईल. धुळीचा कणदेखील त्या फटीच्या मानाने पर्वतासारखा असतो.

तबकडीवरील जागेचे लहान लहान ठराविक विभाग केलेले असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. एका सेक्टरमध्ये ५१२ किंवा ४,०९६ बाइट मजकूर असतो. कोणती फाईल कोणकोणत्या सेक्टरांत आहे याची एक अनुक्रमणिका डिस्कवरच ठेवलेली असते. आपण एखादी फाईल पुसतो तेव्हा सामान्यतः केवळ अनुक्रमणिकेतील तिच्या नोंदीवर काट मारली जाते. मजकूर जागच्या जागी राहतो व नवे काही त्यावर लिहिले जाईपर्यंत टिकतो. ही गोष्ट नीट ध्यानी ठेवावी, कारण हरवलेली फाईल परत मिळण्याची आशा तिच्यावरच आधारलेली आहे.

२. बिघाड कोणत्या जातीचा आहे?

उपचारापूर्वी निदान करावे, हा वैद्यकाचा नियम येथेही लागू आहे. बिघाडाच्या चार जाती मानता येतील.

पहिली जात जोडणीची. तार सैल किंवा तुटकी असते, संगणकाचे छिद्र झिजलेले असते, अथवा डिस्कला पुरेसा विद्युत्प्रवाह मिळत नाही. डिस्कचा दिवा लागतो व विझतो. यासाठी दुसरी चांगली तार व दुसरा संगणक घेऊन एकदा जोडून पाहावे. अनेक तारांच्या फाट्यावर न जोडता सरळ संगणकाला जोडावे. एवढ्याने काम झाले तर उत्तमच. तथापि त्याच दिवशी दुसरी प्रत घ्यावी.

दुसरी जात अनुक्रमणिकेची. डिस्क आतून सुस्थितीत असते, आवाज नेहमीसारखा असतो, परंतु काम चालू असता तार उपटल्यामुळे किंवा वीज गेल्यामुळे अनुक्रमणिका विस्कटते. मग संगणकाला ती वाचता येत नाही व तो फॉरमॅटची विचारणा करतो. फाईल चुकून पुसली जाणे हाही याच जातीचा प्रकार होय.

तिसरी जात तबकडीच्या पृष्ठभागाची. काही सेक्टर वाचता येईनासे होतात. एखादी फाईल उघडण्यास फार विलंब लागतो, नक्कल अर्ध्यावर अडते, संगणक गोठल्यासारखा होतो. अशा वेळी डिस्क तो सेक्टर वाचण्याचा प्रयत्न स्वतःच पुनःपुन्हा करीत असते आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर हेडवरील ताण वाढत असतो.

चौथी जात यंत्राची. हेड मोडलेले असते किंवा तबकडी फिरविणारी मोटर अडकलेली असते. ठरावीक तालात टकटक, खरवडल्यासारखा आवाज किंवा बारीक गुणगुण ऐकू येते व संगणकाला डिस्क ओळखताच येत नाही. या जातीवर शाळेत कोणताही उपचार नाही. आवाज ऐकताच डिस्क बंद करून तार काढावी.

दुसरी व तिसरी जात बाहेरून सारखीच भासू शकते. डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी ठेवीत असते व क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा विनामूल्य कार्यक्रम त्या वाचून दाखवितो. निकामी ठरवून ज्यांच्याऐवजी राखीव जागा वापरली असे सेक्टर, आणि वाचता न आल्यामुळे निर्णयाची वाट पाहणारे सेक्टर, या दोन नोंदींपुढील संख्या शून्याहून अधिक असेल तर पृष्ठभाग खराब होऊ लागला असे समजावे. मात्र या नोंदी निर्दोष दिसल्या म्हणून निर्धास्त राहू नये. एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून गूगलच्या संशोधकांनी २००७ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कमध्ये चार प्रमुख धोकासूचक नोंदींपैकी एकही आढळली नव्हती. उलट, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिला दोष आढळल्यानंतर ६० दिवसांच्या आत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असल्याचे दिसून आले. धोक्याची खूण दिसली तर ती खरी मानावी. दिसली नाही तर तेवढ्यावर विसंबू नये.

३. वर्ज्य गोष्टी

शाळांतील बहुतेक दप्तर डिस्कच्या मूळ बिघाडाने जात नाही. बिघाडानंतरच्या पहिल्या तासाभरात घाबरून केलेल्या उपायांनी जाते. यास्तव पुढील गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

(अ) फॉरमॅटच्या प्रश्नास होकार देऊ नये. झटपट फॉरमॅटने कोरी अनुक्रमणिका लिहिली जाते. आणि विंडोजच्या २००७ पासूनच्या आवृत्त्यांमध्ये संपूर्ण फॉरमॅट केल्यास डिस्कभर शून्ये लिहिली जातात. त्यानंतर मजकूर परत मिळत नाही.

(आ) डिस्क दुरुस्त करण्याची संगणकाने दिलेली आज्ञा स्वीकारू नये. ती आज्ञा विस्कटलेली अनुक्रमणिका आपल्या समजुतीप्रमाणे पुन्हा लिहिते व जे जुळत नाही ते तोडून वेगळे ठेवते. सुदृढ डिस्कवर ती उपयोगी आहे. खिळखिळ्या डिस्कवर मात्र ती जीर्ण वहीवर शाईने दुरुस्त्या करण्यासारखी होय.

(इ) हरवलेल्या फायली शोधणारा कार्यक्रम त्याच डिस्कवर उतरवू नये आणि सापडलेल्या फायलीही तिच्यावर ठेवू नयेत. असे करणे म्हणजे शोधावयाच्या मजकुरावरच नवे लिहिणे होय.

(ई) डिस्क शीतकपाटात ठेवणे, हाताने ठोकणे, हलवून पाहणे असे उपाय ऐकिवात येतात. थंड डिस्क बाहेर काढताच दमट हवेतील पाणी तिच्यावर जमते व ठोकल्याने हेड तबकडीवर घासते. दोन्ही उपाय घातक आहेत. तशाच डिस्कवरील विद्युत्पट्टी काढून दुसऱ्या डिस्कची बसविणेही आता निरुपयोगी आहे, कारण त्या एकाच डिस्कपुरती जुळवणीची माहिती बहुधा तिच्या पट्टीत साठविलेली असते.

(उ) पाहू या आता चालते का, म्हणून दर थोड्या वेळाने डिस्क जोडून बघू नये. प्रत्येक जोडणी ही एक खेप होय व खेपा मोजक्या आहेत.

४. नक्कल घेण्याची रीत

डिस्कमधून विचित्र आवाज येत नसेल व संगणकाला ती तिच्या योग्य आकारमानासह ओळखता येत असेल, तरच पुढील रीत अवलंबावी. केंद्रातील संगणकाची जाण असलेल्या एखाद्या शिक्षकाने शांतपणे, सुट्टीच्या दिवशी हे काम हाती घ्यावे.

यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा विनामूल्य कार्यक्रम मिळतो. तो लिनक्स प्रणालीवर चालतो. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच संगणक सुरू करता येतो. संगणकातील विंडोजला हात लावावा लागत नाही. विंडोज जोडलेल्या डिस्कवर आपण न सांगताही बारीकसारीक नोंदी लिहीत असते. तेही यामुळे टळते. काही लिनक्स प्रणालीही डिस्क आपोआप उघडतात. ती सोय आधी बंद करावी.

या कार्यक्रमाची कार्यपद्धती जीर्ण वहीच्या दृष्टान्ताशी तंतोतंत जुळते. फायली व फोल्डर यांचा विचार न करता तो डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत नक्कल उतरवीत जातो. जेथे अडते तेथे हटून न बसता तो पुढे उडी मारतो व धड भाग आधी पदरात पाडून घेतो. त्यानंतर तो सोडलेल्या भागांकडे परत येतो, त्यांच्या कडा दोन्ही बाजूंनी आत येत वाचतो, आणि सरतेशेवटी एकेक सेक्टर घेऊन प्रयत्न करतो. कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याची नोंद तो एका लहान फायलीत ठेवतो. तिला नकाशा म्हणतात. मध्येच वीज गेली किंवा डिस्क थकून बंद पडली, तरी नकाशा शाबूत असल्यास काम राहिले तेथूनच पुढे चालू करता येते. भारनियमनाच्या गावी या सोयीचे मोल वेगळे सांगावयास नको.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(१) बिघडलेल्या डिस्कपेक्षा अधिक मोकळी जागा असलेली दुसरी सुस्थितीतील डिस्क मिळवावी. एक टेराबाइटच्या डिस्कमध्ये मजकूर थोडा असला, तरी संपूर्ण नक्कल एक टेराबाइटचीच होते. नव्या डिस्कवरील मांडणी फॅट-३२ जातीची नसावी. तीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही.

(२) दोन्ही डिस्कवर चिठ्ठ्या चिकटवून 'जुनी' व 'नवी' असे ठळक लिहावे. संगणक त्यांना कोणत्या नावाने ओळखतो हे आकारमान व अनुक्रमांक यांवरून पडताळावे व कागदावर टिपून दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्यावे. आज्ञेत मूळ व नक्कल यांची अदलाबदल झाली, तर कोऱ्या डिस्कची नक्कल जुन्या डिस्कवर उतरेल व सर्व संपेल. या कामातील सर्वांत मोठा धोका हाच आहे.

(३) नक्कल व नकाशा ही दोन्ही नव्या डिस्कवर ठेवावीत. पहिल्या खेपेस सोपे भाग तेवढेच घेण्याची आज्ञा द्यावी. अवघड भागांसाठी दुसरी खेप करावी.

(४) डिस्क सपाट, स्थिर व हवेशीर जागी ठेवावी. काम चालू असता ती उचलू नये. संगणक पूर्ण भारित असावा व शक्य तर इन्व्हर्टरला जोडलेला असावा.

(५) धीर धरावा. सेकंदास १०० मेगाबाइट वेगाने सुदृढ एक टेराबाइट डिस्क वाचण्यास सुमारे पावणेतीन तास लागतात. खराब डिस्कला कित्येक दिवसही लागू शकतात. वेग अचानक घसरला व नवा आवाज येऊ लागला, तर काम थांबवून डिस्क बंद करावी.

येथे एक शंका संभवते. डिस्क अद्याप उघडत असेल व नोंदवहीच्या छायाचित्रांचे एकच लहान फोल्डर हवे असेल, तर संपूर्ण नक्कल कशासाठी? ही शंका रास्त आहे. अशा वेळी ते फोल्डर तेवढे आधी नव्या डिस्कवर उतरून घेण्यास हरकत नाही. मात्र इतर फोल्डर चाळत बसू नये, छायाचित्रांच्या लघुप्रतिमा दाखविण्याची सोय बंद ठेवावी, आणि पहिल्याच फायलीवर काम अडले तर तेथेच थांबून वरील रीतीकडे वळावे.

५. नकलेतून फायली काढणे

नक्कल हाती आली की जुनी डिस्क गुंडाळून, तारखेची चिठ्ठी लावून कपाटात ठेवावी. ती फेकू नये. यापुढील सर्व काम नकलेवर करावे. शक्य असल्यास नकलेचीही एक नक्कल करावी. नकलेवर चूक झाली तरी पुन्हा आरंभ करता येतो. मूळ डिस्कवर ही सवलत नसते.

नकलेतील अनुक्रमणिका शाबूत असेल, तर ती नक्कल डिस्कप्रमाणे उघडते व फायली नावांसह मिळतात. ती विस्कटलेली असेल, तर टेस्टडिस्क हा विनामूल्य कार्यक्रम वापरावा. हरवलेले विभाग व अनुक्रमणिकेचे अवशेष शोधून तो फायली त्यांच्या नावांनिशी बाहेर काढण्याचा प्रयत्न करतो.

अनुक्रमणिका पूर्णपणे नष्ट झाली असेल, तर त्याच मंडळींचा फोटोरेक हा कार्यक्रम उरतो. तो नावे पाहत नाही. फायलींची रूपे ओळखतो. प्रत्येक जातीच्या फायलीच्या आरंभी तिची ठरावीक खूण असते. पीडीएफ फायलीच्या आरंभी टक्क्याचे चिन्ह व त्यापुढे त्या जातीची इंग्रजी अक्षरे असतात; छायाचित्रांच्या आरंभीही अशीच निश्चित खूण असते. सर्व नक्कल चाळून जेथे अशी खूण दिसेल तेथून फाईल उचलावयाची, ही त्याची रीत. वहीची शिवण सुटून पाने विखुरली असता मथळ्यांवरून पाने ओळखावीत, तसेच हे आहे. यात दोन उणिवा राहतात. फायलींची मूळ नावे मिळत नाहीत, केवळ क्रमांक मिळतात. आणि जिचे तुकडे डिस्कवर दूरदूर पसरलेले होते अशी फाईल अर्धवट निघते.

येथून पुढचे काम यंत्राचे नव्हे, शिक्षकाचे. हजार क्रमांकित छायाचित्रांतून प्रवेशवर्षे व नोंदक्रमांक वाचून प्रत्येक पान योग्य वर्षाच्या फोल्डरमध्ये लावणे, कोणती पाने सापडली नाहीत याची यादी करणे, व ती मूळ नोंदवहीत शाबूत असल्यास त्यांची पुन्हा छायाचित्रे घेणे, हे काम दोघांनी वाटून घेतल्यास सुलभ होते. जे मिळाले नाही त्याची यादी स्पष्ट लिहून ठेवावी. अंदाजाने कोणतीही नोंद भरू नये.

तबकडीऐवजी इलेक्ट्रॉनिक स्मृती असलेली एसएसडी नावाची साधने आता प्रचारात आली आहेत. त्यांत आवाज नसतो व पूर्वसूचनाही बहुधा मिळत नाही. पुष्कळ एसएसडींमध्ये पुसलेल्या फायलीची जागा संगणक लगेच मोकळी करून टाकतो, त्यामुळे पुसलेला मजकूर परत मिळण्याची आशा फारच थोडी असते. त्यांच्या बाबतीत दुसरी प्रत हाच खरा उपाय.

६. प्रयोगशाळेकडे केव्हा द्यावी?

टकटक आवाज, मोटर न फिरणे, डिस्क पडलेली किंवा भिजलेली असणे, अथवा संगणकाने ती ओळखूच न शकणे, या अवस्थांत मजकूर सोडविण्याचे काम करणाऱ्या विशेष प्रयोगशाळेचाच आश्रय घ्यावा. तेथे धूळविरहित जागेत डिस्क उघडून हेड बदलता येते. भिजलेली डिस्क वाळवून चालू करून पाहू नये. दुकानदाराने डिस्क सामान्य मेजावर उघडण्याची तयारी दाखविल्यास ती परत घ्यावी. एकदा अशी उघडलेली डिस्क पुढे प्रयोगशाळेलाही अवघड होते.

खर्च मोठा असू शकतो. म्हणून आधी लेखी अंदाज मागावा, मजकूर न मिळाल्यास किती आकार पडेल ते विचारावे, आणि डिस्कवर कोणते दप्तर आहे व त्याची दुसरी प्रत कोठे आहे काय, हे गटशिक्षणाधिकारी कार्यालयास कळवून मार्गदर्शन घ्यावे. डिस्क वॉरंटीत आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. वॉरंटी डिस्कची असते, तीतील मजकुराची नसते. डिस्क बदलून मिळाली तरी जुनी परत येत नाही व तिच्याबरोबर दप्तर जाते.

डिस्क शाळेबाहेर देताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. तिच्यात मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, पालकांचे पत्ते व बँकखाती असतात. ही माहिती पालकांनी विश्वासाने शाळेच्या स्वाधीन केलेली आहे. डिस्क कोणाला, कोणत्या तारखेस व कोणत्या कामासाठी दिली याची पोच घ्यावी, गोपनीयतेचे लेखी आश्वासन घ्यावे, आणि काम संपल्यावर त्यांच्याकडील प्रत नष्ट केल्याचे लिहून घ्यावे.

७. दुसरी प्रत व तिची तपासणी

एवढे सर्व सायास करूनही सर्व मजकूर परत मिळेल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. यास्तव रोगावरील उपचारापेक्षा रोगप्रतिबंध श्रेयस्कर. महत्त्वाच्या दप्तराच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांपैकी एक शाळेच्या इमारतीबाहेर असावी, असा नियम सांगतात. आपल्या परिस्थितीत तो कठीण नाही. एक प्रत शाळेच्या संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कमध्ये, व तिसरी केंद्रशाळेत मोहोरबंद ठेवलेल्या डिस्कमध्ये किंवा कार्यालयाने मान्य केलेल्या इंटरनेटवरील साठवणीत ठेवावी. पुष्कळ शाळांत मूळ फायली संगणकातून पुसून बाहेरच्या डिस्कमध्ये हलविलेल्या आढळतात व तिलाच बॅकअप म्हटले जाते. ती दुसरी प्रत नव्हे, जागा बदललेली एकुलती एक प्रत होय.

प्रत ठेवली तरी ती उघडते की नाही हे पाहिल्यावाचून तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. दुसऱ्या प्रतीकडे धाव घेतली, तेव्हा ती प्रत कित्येक दिवस नीट निघतच नव्हती असे आढळले. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका तान्ह्या मुलामुळे घरून काम करीत व त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकात चित्रपटाची एक प्रत होती. तिनेच बहुतांश काम वाचविले. मोठमोठ्या संस्थांचीही अशी गत होते. आपण वर्षातून दोनदा, प्रत्येक सत्राच्या आरंभी, प्रत्येक प्रतीतून निरनिराळ्या वर्षांच्या पाच फायली उघडून पाहाव्यात, आणि तपासणीची तारीख व तपासणाऱ्याची सही यांची नोंद एका वहीत ठेवावी.

शेवटी, छायाचित्र घेतले म्हणून मूळ नोंदवहीकडे दुर्लक्ष करू नये. डांबरगोळ्या, कोरडे कपाट, भिंतीपासून थोडे अंतर व वर्षातून एकदा पाने चाळणे या जुन्या उपायांनी जुने कागद आजवर टिकले आहेत. डिस्कचे आयुष्य त्या कागदांपेक्षा पुष्कळ कमी आहे. शिक्षकबंधुभगिनींनी या महिन्यातच आपल्या शाळेतील डिस्क कपाटातून काढावी, तीतील कोणत्या फायलींची अन्यत्र प्रत नाही याची यादी करावी, व ती प्रत करून केंद्रप्रमुखांना कळवावे. डिस्क सुस्थितीत असतानाच हे काम एका दुपारचे आहे.